पाल की पाटणादेवी?

जळगाव-भुसावळकडच्या माणसाला एका दिवसात जंगल, डोंगर बघून परत यायचं असेल तर दोन दिशा आहेत. उत्तरेला सातपुडा, म्हणजे पाल हे गाव आणि त्याच्या लगतचं यावल अभयारण्य. दक्षिणेला अजिंठ्याची रांग, म्हणजे चाळीसगावजवळची पाटणादेवी आणि गौताळा-औट्रम घाट अभयारण्य. तोरणमाळ मी यात धरलेलं नाही. ते नंदुरबारच्या टोकाला आहे आणि मुक्काम केल्याशिवाय तिथे जाण्यात मजा नाही.

ताडोबा डोक्यात ठेवून निघणार असाल तर दोन्हीकडे निराश व्हाल. बिबट्या दोन्ही जंगलांत आहे, पण तो आपल्याला बघतो, आपण त्याला नाही.

पाटणादेवी पावसाळ्यात गाठावी. वर मराठवाड्याचं पठार, खाली खान्देश आणि मधे उभा कडा. पठारावरचं पाणी याच कड्यावरून खाली येतं, म्हणून केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे. जुलै ते सप्टेंबर इथला हिरवा रंग बघून आपण खान्देशात आहोत हेच पटत नाही. घरची वडीलधारी मंडळी सोबत असतील तर चंडिकेचं हेमाडपंती मंदिर आहेच, गाडी जवळपर्यंत जाते. तरण्यांनी कन्हेरगड चढावा, वाटेत नागार्जुन लेणं लागतं. दमदार असाल तर पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. पण पावसात ओल्या कातळावरून ती वाट माहीतगार सोबत असल्याशिवाय धरू नये.

शिवाय पाटणादेवीचं गाव पाटण म्हणजे गणिती भास्कराचार्य. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, त्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख इथेच सापडला. भास्कराचार्यांचं गाव नेमकं हेच का, यावर विद्वान भांडोत. गणिताच्या शिक्षणासाठी दान दिल्याचा लेख जंगलात मिळतो, एवढंच मला पुरेसं आहे. गौताळ्याला 1986 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, क्षेत्र सुमारे 260 चौरस किलोमीटर. नवरात्रात मात्र जंगलासाठी जाऊ नका, तेव्हा तिथे यात्रा असते.

यावलचं सगळंच उलटं. 1969 चं अभयारण्य, सुमारे 175 चौरस किलोमीटर. रावेर-सावद्याच्या केळीच्या बागा संपल्या की सातपुडा समोर उभा राहतो. साग, सलई, धावडा, अंजन असं कोरडं, पानगळीचं रान. पालजवळ सुकी नदी आणि तिच्यावरचं धरण, आजूबाजूला पावरा आणि तडवी आदिवासींचे पाडे. धबधब्याचा थाट नाही, देवळाची गर्दी नाही. काही पट्ट्यांत झाडांऐवजी शेतं दिसतात, तेही खरं.

तरीही पक्षी बघणाऱ्याने पालच निवडावं. कारण एकच, रानपिंगळा. 1884 नंतर शंभरहून अधिक वर्षं हा पक्षी नक्की असा कुणाला मिळाला नव्हता, संपला असंच धरलं होतं. 1997 मध्ये तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्याच पायथ्याला पुन्हा सापडला. यावलच्या जंगलातही त्याची नोंद आहे. घुबडाच्या जातीचा असून तो दिवसा वावरतो, आणि त्याला असंच विरळ सागाचं रान लागतं. पानं झडू लागली की, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, फांद्या मोकळ्या दिसतात. दिसेलच असं नाही. पण त्याच दिवसांत या भागात भरिताची वांगी येतात, त्यामुळे फेरी वाया जात नाही.

लहान मुलं सोबत असतील तर पाटणादेवी. पालला त्यांना तासाभरात कंटाळा येईल. सोबत कुणी नको असेल, दुर्बीण असेल आणि पहाटे उठायची तयारी असेल तर पाल. मार्चनंतर पाऊस पडेपर्यंत दोन्ही नको. एप्रिल-मे मधलं खान्देशी ऊन आपण ओळखतो, आणि तेव्हा वाळलेल्या पाल्यावर पडलेली एक विडीही रान पेटवते. चाळीसगाव रेल्वेने सोपं पडतं, पालसाठी स्वतःची गाडी बरी, कारण एसटीच्या वेळा पाळायच्या तर पहाटेचे पक्षी हुकतात.