माचू पिच्चू की चाचापोयास? पेरूत एकच जमणार असेल तर

पेरू म्हटलं की माचू पिच्चू ठरलेलंच असतं आणि त्यात काही चूकही नाही. पण ढगातलं जंगल आणि त्यात दडलेले जुने अवशेष असं दोन्ही बघायचं असेल तर त्याच देशात उत्तरेला चाचापोयास नावाचं गाव आहे, आणि त्याच्या आसपास कुएलापचं किल्लेवजा नगर, गोक्ता धबधबा, कड्यावरच्या कबरी असं बरंच काही आहे. ओळखीतलं कोणी निघालं की हमखास विचारतं, आठ-दहा दिवसच आहेत, दोन्हीपैकी काय करू? माझं उत्तर आधीच सांगून टाकते. नुसते अवशेष तोलले तर माचू पिच्चू पुढे. अख्खा परिसर धरला तर चाचापोयास पुढे. आणि निकाल बहुतेक वेळा लागतो तो गाडीत किती तास बसायची तयारी आहे यावर.

क्लाउड फॉरेस्ट म्हणजे काय ते थोडक्यात. अॅमेझॉनकडून येणारी दमट हवा अँडीजच्या पूर्व उताराला अडते, वर चढते, गार होते आणि ढग थेट झाडांच्या शेंड्यातच येऊन बसतात. पाऊस नसला तरी फांद्यांवरून पाणी ठिबकत असतं, त्यामुळे खोडाखोडांवर शेवाळं, ऑर्किड, अननसाच्या कुळातली ब्रोमेलियाडची झुबकेदार झाडं. माचू पिच्चू २,४३० मीटरवर आणि कुएलाप ३,००० मीटरच्या आसपास, दोन्ही याच ओल्या पट्ट्यात येतात. म्हणजे जंगलाचा प्रकार साधारण एकच, फक्त तुम्ही त्यात किती शिरता याचा फरक.

पोचायचं कसं

माचू पिच्चूला जाणं सोपं आहे असं सगळे म्हणतात ते अर्धं खरं आहे. लिमाहून कुस्कोला विमानं दिवसभर असतात, सव्वा-दीड तासात पोचवतात, पण कुस्को आहे ३,४०० मीटरवर आणि तुम्ही समुद्रकाठच्या लिमातून थेट तिथे उतरता, मग पहिल्या दिवशी डोकं धरतं, हॉटेलचा जिना चढताना धाप लागते, काहींना उलट्या होतात. म्हणून शहाणी माणसं विमानतळावरून सरळ खाली ओयांतायतांबोला जाऊन राहतात, ते सहाएकशे मीटर खाली आहे, आणि कुस्को शहर शेवटी बघतात. ओयांतायतांबोहून ट्रेन पावणेदोन तासात माचू पिच्चूच्या पायथ्याच्या गावात, आग्वास कालिएंतेसला, सोडते, तिथून बस अर्धा तास वळणं घेत वर जाते. ट्रेनचं तिकीट वेगळं, बसचं वेगळं, आत शिरायचं वेगळं, आणि ट्रेनचं जाऊन-येऊन भाडं एंट्रीच्या दुपटीच्या वर सहज जातं, त्यामुळे बजेट काढताना नुसतं एंट्री तिकीट बघून खूश होऊ नका.

चाचापोयासला लिमाहून हाएनपर्यंत विमान आणि पुढे गाडीने साधारण चार तास, बराचसा रस्ता उत्कुबांबा नदीच्या कडेने. नाहीतर किनाऱ्यावरच्या चिक्लायोहून रात्रीची बस, नऊ-दहा तास, सीट जवळपास आडवी होते त्यामुळे झोप लागते ज्यांना लागते त्यांना. चाचापोयासला स्वतःचाही छोटा विमानतळ आहे, पण विमानं लहान, फेऱ्या मोजक्या आणि वर ढग, तेव्हा त्याच्या भरवशावर दुसऱ्या दिवशीचं इंटरनॅशनल फ्लाइट ठेवायचं धाडस करू नका. काहामार्काकडून सेलेंदीन, बालसास करत येणारा रस्ता पण आहे, मारान्योन नदीच्या खोल दरीत उतरून पुन्हा ३,६०० मीटरपर्यंत चढतो, एकेरी रुंदीचा, एका बाजूला कडा दुसऱ्या बाजूला काहीच नाही. दृश्य जबरदस्त, पण घाटात ज्यांना पिशवी लागते त्यांनी हा नाद सोडा. फायदा एकच पण मोठा, चाचापोयास २,३३५ मीटरवर आहे, त्यामुळे उंचीचा त्रास कुस्कोच्या मानाने फार कमी.

अवशेष

माचू पिच्चूबद्दल मी नव्याने काय सांगणार. पंधराव्या शतकाच्या मध्यात इंका सम्राट पाचाकुतीच्या काळात बांधलं, शंभरेक वर्षांत सोडून दिलं, १९११ मध्ये अमेरिकन संशोधक हायरम बिंघम तिथे पोचला आणि जगात गाजावाजा झाला, तेव्हा तिथे स्थानिक शेतकरी राहत होते ही गोष्ट मात्र बऱ्याच गाइडांच्या गोष्टीत येत नाही. चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले दगड, सूर्यमंदिराची गोलाकार भिंत, पायऱ्यापायऱ्यांची शेती, आणि मागे वायना पिच्चूचा सुळका. फोटोत हजार वेळा बघितलेलं असूनही समोर आल्यावर माणूस गप्प होतो. कारण डोंगर आणि बांधकाम एकमेकांपासून वेगळं काढताच येत नाही, आणि या एका बाबतीत कुएलाप त्याच्या जवळपासही येत नाही.

पण माचू पिच्चू आता तुम्ही तुमच्या मनाने बघू शकत नाही. तीन सर्किट म्हणजे आखून दिलेल्या वाटा आहेत, त्यांचे पोट-रूट आहेत, तिकिटावर वेळ छापलेली, वाट एकाच दिशेची, मागे फिरायचं नाही, बाहेर पडलात की परत आत नाही. सर्किट १ मध्ये वरून सगळं दिसतं पण मुख्य वस्तीत फिरता येत नाही, सर्किट ३ खालच्या भागातून जातं, आणि सगळ्यांना हवं असतं ते सर्किट २, जे मे ते ऑगस्टच्या सीझनला खूप आधी संपतं. रोज हजारेक तिकिटं आग्वास कालिएंतेसमध्ये खिडकीवर दुसऱ्या दिवसासाठी मिळतात, पण त्यासाठी रांग, टोकन आणि नशीब. नेमक्या तुमच्या वेळेला ढग बसला असेल तर बसला, तिकीट बदलून मिळत नाही. हा क्लाउड फॉरेस्टचा स्वभाव आहे आणि त्यावर टाइम-स्लॉट लावलाय, ही गंमत मला अजून पचलेली नाही.

कुएलाप इंकांच्या आधीचं आहे. चाचापोया लोकांनी सहाव्या शतकाच्या सुमारास बांधायला घेतलं, वस्ती सोळाव्या शतकापर्यंत टिकली, इंका तिथे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. डोंगराच्या माथ्यावर जवळपास ६०० मीटर लांब आणि ११० मीटर रुंद चौथरा, त्याला चुनखडीच्या दगडाची तटबंदी, काही ठिकाणी २० मीटरपर्यंत उंच. आत ४०० हून जास्त गोल घरांचे चौथरे. आत शिरायची वाट बघण्यासारखी आहे: आपल्या गडांचे गोमुखी दरवाजे ज्या डोक्याने बांधले त्याच डोक्याने, सुरुवातीला रुंद आणि वर चढत गेलं की दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ येत येत शेवटी एकावेळी एकच माणूस जाईल एवढी फट. भिंतीच्या सांध्यांतून ब्रोमेलियाड उगवलेत, दगडांवर पांढरट-हिरवं शेवाळं, आणि काही घरांच्या भिंतींवर दगडांचे त्रिकोणी तुकडे बसवून केलेली चौकटीची नक्षी, डोळ्याच्या आकाराची. दक्षिण टोकाला उलट्या शंकूसारखं एक बांधकाम आहे, खाली निमुळतं आणि वर फुगत गेलेलं, त्याला तिथले लोक दौत म्हणतात. चाचापोयासच्या एका न्यायाधीशाने, हुआन क्रिसोस्तोमो निएतोने, १८४३ मध्ये याची नोंद केली, म्हणजे बिंघमच्या तब्बल ६८ वर्षं आधी, तरी नाव कोणाला माहीत नाही.

कुएलापची एक गोष्ट जायच्या आधी माहीत असायलाच हवी. एप्रिल २०२२ मध्ये जोरदार पावसानंतर तटबंदीचा मोठा भाग कोसळला, पाणी भिंतीच्या पोटात मुरत गेलं होतं. जागा बंद झाली, २०२३ च्या ऑगस्टमध्ये काही भाग परत उघडला. त्यामुळे जुने फोटो बघून "आपण त्या फटीतूनच वर चढणार" असं धरून जाऊ नका. कोणती वाट चालू आहे ते चाचापोयासला पोचल्यावर विचारा, टूरवाल्याला नीट खोदून विचारा. तिथे जायला २०१७ पासून रोपवे आहे, नुएवो तिंगोपासून चार किलोमीटर, वीस मिनिटं दरीवरून तरंगत. त्याआधी याच अंतराला गाडीने दीड तास लागायचा. रोपवे देखभालीला बंद असेल तर परत तोच जुना रस्ता. उतरल्यावर पुढे दोनेक किलोमीटर चढाची पायवाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी ती हिशोबात धरा.

जंगल, पाणी, पक्षी आणि मेलेले लोक

इथे चाचापोयास सरळ जिंकतं. गोक्ता धबधबा ७७१ मीटरचा, दोन टप्प्यांत, वरचा २३१ आणि खालचा ५४०. बाहेरच्या जगाला तो २००६ मध्ये कळला, श्टेफान त्सीमेनडोर्फ नावाच्या जर्मन माणसाने मोजून जाहीर केल्यावर, आणि गावकरी मात्र पिढ्यानपिढ्या त्याच्या समोर राहत होते. डोहात सोनेरी केसांची जलपरी खजिना राखते अशी कथा आहे. जगात कितव्या नंबरचा यावर वाद चालू असतात, त्यात पडू नका.

दोन वाटा आहेत. कोकाचिंबा गावातून पाच-सहा किलोमीटर चालत खालच्या धबधब्याच्या तळाशी, जायला दोन-अडीच तास, वाट सतत वर-खाली, शेवटी चिखल. सान पाब्लोकडून गेलात तर वरच्या टप्प्याच्या पायथ्याशी, गर्दी आणखी कमी. दम असेल तर सान पाब्लोकडून जाऊन कोकाचिंबाला उतरता येतं, पण मग अख्खा दिवस गेला. तळाजवळ पोचल्यावर पाणी अंगावर पडत नाही, वारा येतो आणि त्या वाऱ्यातच पाणी असतं, दोन मिनिटांत चिंब, मोबाइल प्लॅस्टिकमध्ये हवाच. आई-बाबा बरोबर असतील आणि चालणं जमणार नसेल तरी काळजी नाही, कोकाचिंबा गावातूनच दोन्ही टप्पे दिसतात, त्यांना तिथे कॉफी घेऊन बसवायचं आणि आपण जाऊन यायचं. घोडी पण मिळतात, पण शेवटचा भाग पायीच.

वाटेत पेरूचा राष्ट्रीय पक्षी, भडक केशरी डोक्याचा गायितो दे लास रोकास, दिसायची बरी शक्यता. पिवळ्या शेपटीचं लोकरी माकड पेरूशिवाय कुठेच नाही आणि तेही नामशेष व्हायच्या काठावर, ते दिसलं तर नशीब म्हणायचं. हमिंगबर्डवेडे असाल तर पोमाकोचासजवळच्या वेम्बोला जाच, तिथे स्पॅच्युलटेल येतो, नराच्या शेपटीत फक्त चार पिसं, त्यातली दोन लांबलचक, एकमेकांना छेदून जाणारी आणि टोकाला निळ्या-जांभळ्या चकत्या, तो उडायला लागला की चकत्या वेगळ्याच उडताहेत असं वाटतं.

आणि कबरी. काराहियाला कड्याच्या कपारीत माणसापेक्षा उंच, अडीच मीटरपर्यंतच्या, माती-गवताच्या शवपेट्या रांगेत उभ्या आहेत, चेहरे दरीकडे, काहींच्या डोक्यावर खरी कवटी. लांबून खालूनच बघायच्या असतात, दुर्बीण न्या. रेवाशला लाल रंगाची चिमुकली घरं कड्याला चिकटवल्यासारखी, ती पण थडगीच. लेइमेबांबाच्या म्युझियममध्ये २०० हून जास्त ममी आहेत, १९९७ मध्ये लागुना दे लोस कोंदोरेस तळ्याजवळच्या थडग्यांतून लुटारूंच्या हातून वाचवून आणलेल्या. गाठी मारून हिशोब ठेवायचे इंकांचे दोरे, खिपू, तेही तिथेच सापडले. काचेमागे गुडघे छातीशी घेऊन बसलेल्या त्या ममी लहान मुलांना दाखवायच्या की नाही हे तुम्ही ठरवा, मी म्हणेन दहा वर्षांच्या वर असतील तर दाखवा.

माचू पिच्चूच्या बाजूला जंगल आहे, ऑर्किड आहेत, पण नेहमीच्या टूरमध्ये तुम्ही ट्रेनच्या खिडकीतून आणि बसमधून ते बघता. अपवाद माचू पिच्चूपर्यंत चालत जायच्या इंका ट्रेलचा. चार दिवस, ४२-४३ किलोमीटर, ४,२०० मीटरची खिंड ओलांडून उतरताना झाडी सुरू होते ती विन्याय वाय्नाच्या अवशेषांपर्यंत, ते खरं क्लाउड फॉरेस्ट. परमिट दिवसाला ५०० लोकांपुरतं, त्यात गाइड-पोर्टर आले, आणि फेब्रुवारीत ट्रेल बंद. तो करणार असाल तर ही सगळी तुलनाच बाद, तो करा.

सीझन आणि खाणं

कोरडा काळ मे ते सप्टेंबर, दोन्हीकडे. फक्त चाचापोयासला एक गोची आहे, कुएलापसाठी कोरडं हवं आणि गोक्तासाठी पाणी हवं. ऑगस्टपर्यंत धबधब्याची धार बारीक होते, फेब्रुवारीत धार राक्षसी पण रस्त्यावर दरडी. मे-जूनमध्ये दोन्ही बऱ्यापैकी साधतं. माचू पिच्चूला मात्र तेव्हाच सगळं जग येतं.

शाकाहारींचं कुस्कोत काही अडत नाही, भारतीय जेवण सुद्धा मिळतं. चाचापोयासला मेनू छोटा: भात, बटाटे, अंडी, उकडलेला मका, घेवड्या-मक्याचं पुर्तुमुते, केळी. "सिन कार्ने" (मांस नको) म्हटलं की चिकन चालतं असं समजतात, म्हणून "सिन पोयो" (चिकन नको) वेगळं सांगायचं आणि सूप कशात शिजवलंय ते विचारायचं. मेतकूट-चटणीची पुडी बॅगेत असू द्या. इंग्रजी कुस्कोत चालतं, चाचापोयासला फोनवर स्पॅनिश ऑफलाइन डाउनलोड करूनच जा.

मग कोणी कुठे जायचं

पहिल्यांदाच पेरू, हातात सात-आठ दिवस, बरोबर साठीच्या पुढची माणसं, आणि परत यायची शक्यता कमी, तर माचू पिच्चू. पण उंचीसाठी दोन दिवस राखून आणि बीपीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलून. ज्यांना रांगा आणि टाइम-स्लॉट बघून वैताग येतो, जे पावसाळ्यात सह्याद्रीत चिखल तुडवतात, ज्यांना पक्षी बघायचेत किंवा जे माचू पिच्चू आधीच करून आलेत, त्यांनी चाचापोयासला किमान चार पूर्ण दिवस द्यावेत, प्रवासाचे सोडून. न्यू जर्सी-ह्यूस्टनवाल्यांना हे सोपं आहे, लिमा एका फ्लाइटवर, लाँग वीकेंडला सुट्टी जोडली की झालं. मुंबई-पुण्याहून मात्र जायलाच दीड दिवस मोडतो, त्यामुळे तिथून निघालात तर दोन आठवडे काढून दोन्ही करा. आठ दिवसांत दोन्ही कोंबायचा प्रयत्न करणारे लोक मी बघितलेत, त्यांना आठवतो तो लिमाचा विमानतळ.

कागदपत्रांचं दोन्हीकडे सारखंच. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा सहा महिने तरी बाकी असलेला व्हिसा असेल तर पेरूचा वेगळा टूरिस्ट व्हिसा लागत नाही, तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या साइटवर एकदा खात्री करा. आणि यलो फीव्हरची लस विसरू नका. पेरू भारताच्या यलो फीव्हर यादीत आहे, त्यामुळे तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि कार्ड नसेल तर क्वारंटाइन करू शकतात, मग तुम्ही नुसतं कुस्को बघून आला असाल तरीही. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, अपॉइंटमेंटला वेळ लागतो, आणि घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरतात, तेव्हा आधी तीच तारीख पकडा आणि मग बाकीचं बुकिंग.