मालगुजारी वाडा विकणे आहे: आमचे 13 लाख 35 हजार कसे गेले

आकडा आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचावंसं वाटेल. 13,35,000 रुपये. टोकन 51,000 ऑनलाइन. इसारातले 6,49,000 आरटीजीएसने आणि 4,00,000 रोख. दलालाला आगाऊ 68,000. बहिणींच्या हक्कसोडपत्रांचा खर्च म्हणून 1,40,000. वाड्याच्या रखवालदाराचा तीन महिन्यांचा पगार 27,000. यातला एक रुपया परत आलेला नाही.

आम्ही तिघे भागीदार. तिघांचंही काम सागवान आणि जुन्या बांधकामाचं. "शिकलेसवरलेले असून कसे फसले?" हे गावात, घरात, पोलीस ठाण्यात, सगळीकडे ऐकून झालं. फसलो ते आम्हाला वाडा कळत होता म्हणूनच. सगळं लक्ष लाकडावर राहिलं.

पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातलं गाव. दुमजली मालगुजारी वाडा (मालगुजार म्हणजे इंग्रजांच्या काळात गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार): दगडी जोतं, दिंडीचा दरवाजा, ढेलज, दोन चौक, 28 सागवानी खांब, वर कवेलू. मागे सांदवाडीत बांधीव विहीर, तिच्यापलीकडे आखीव बाग, मग आमराई आणि बागेला लागून तलावाचा काठ. बागेचं सांगितलेलं क्षेत्र 1.34 हेक्टर, म्हणजे 3 एकर 12 गुंठे. वाड्यासकट किंमत 68 लाख. दुसरी पार्टी तयार आहे, नागपूरचा डॉक्टर येऊन गेला, मालकाला घाई आहे म्हणून या भावात सुटतो आहे, हे सगळं ठरल्याप्रमाणे ऐकवलं गेलं. ते तुम्हालाही पाठ असेल.

वाडा तपासण्यात आम्ही कसर केली नाही. खांब तळखड्यावर टेकतो तिथे ओल धरते आणि तिथूनच उधळी (वाळवी) चढते, म्हणून प्रत्येक खांब खालून वीतभर ठोकून पाहिला. भरीव लाकडाचा आवाज ठणठणीत येतो, पोकळ झालेलं भद्द वाजतं. जुन्या सागाचा गाभा सहसा शाबूत असतो, कडेचं पांढरट लाकूड उधळी खाते, म्हणून पेचकस खुपसून किती आत जातो तेही मोजलं. 28 पैकी 5 खांब खालून गेलेले होते. तुळयांची टोकं भिंतीत शिरतात तिथे चुना खरवडून पाहिलं. 8 इंची चौकोनी, 10 फुटी खांबात साधारण साडेचार घनफूट लाकूड भरतं. आम्ही खांबांचा, तुळयांचा, दारांचा हिशेब मांडला आणि जमिनीचं मोल सोडलं तरी पैसे बुडत नाहीत अशी स्वतःची समजूत घातली.

बागेत गेलो तेव्हा कर्दळ आणि मोगरा ओळीत फुललेले. एका मोगऱ्याच्या बुंध्याशी काळ्या प्लास्टिकची कड मातीबाहेर आलेली होती. नर्सरीतली पिशवी जशीच्या तशी पुरलेली. कारंज्याचं पाणी विहिरीचं नव्हतंच, भिंतीआड टाकी ठेवून तिला नळी जोडलेली. घर दाखवण्याआधी चार झाडं लावली तर काय बिघडलं, असं आम्ही एकमेकांना म्हणालो. पिशवीत पुरलेलं झाड कालपरवाचं असतं, आणि ज्याला बाग आठ दिवसांपुरती उभी करायची आहे तो वाडाही आठ दिवसांतच दुसऱ्याच्या गळ्यात मारणार, एवढं तिथेच कळायला हवं होतं.

पण खरी चूक ओसरीवर झाली. ती अजून झोपू देत नाही.

आतल्या ओसरीच्या तिसऱ्या खांबामागे एक तसबीर होती. तिला चंदनाचा हार, खाली नाव, जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख. नाव तेच, जे आमच्या हातातल्या कुलमुखत्यारपत्रावर (मालकाच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या कागदावर) मालक म्हणून होतं. आमच्यातल्या एकाने विचारलं, हे कोण? रखवालदार म्हणाला, "मोठे मालक होत जी हे." दलाल लगेच मधे बोलला, "हे आताच्या मालकांचे काका. या घरात एकच नाव दोघा-तिघांना ठेवतात." आणि आम्ही मान डोलावून खांबाचा फोटो काढला. तो फोटो आजही आमच्या फोनमध्ये आहे. मोठा करून पाहिला की खांबाशेजारी तारीख स्वच्छ वाचता येते: 3 फेब्रुवारी 2024. आम्ही इसार केला 9 नोव्हेंबर 2024 ला.

मुखत्यारपत्र बनावट नव्हतं, हे ठासून सांगतो. दुय्यम निबंधकाकडे 2022 साली रीतसर नोंदवलेलं होतं. आम्ही दस्त क्रमांक घेऊन नक्कल काढली, ती जुळली आणि आम्ही निश्चिंत झालो. मुखत्यार म्हणून सही करणारा मालकाचा पुतण्या. काका वारले हे त्याला ठाऊक नसणं शक्यच नाही. देणारा मेला की मुखत्यारपत्र संपतं, भारतीय करार कायदा 1872, कलम 201. ज्याला मृत्यूची खबरच नव्हती त्याला कलम 208 थोडा आधार देतं. पण आम्हाला खबर नव्हती असं म्हणायला जावं, तर आमच्याच फोनमधला फोटो आडवा येतो. मुखत्यारपत्रावर व्यवहार करायचाच असेल तर मूळ मालकाला समोर बसवा, निदान व्हिडिओ कॉलवर आधार कार्ड हातात धरायला लावा, आणि ग्रामपंचायतीत जाऊन मृत्यूची नोंदवही पाहा. मुखत्यारपत्राच्या जोरावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगून ठेवलं आहे.

कागदांचा घोळ वेगळाच. वाडा गावठाणात. गावठाणाला सातबारा नसतो. दाखवला तो ग्रामपंचायतीचा नमुना 8. त्यावर नाव असतं ते कर भरणाऱ्याचं. तो मालकीचा पुरावा नाही, तरी विदर्भातल्या कित्येक गावांत घरं त्याच कागदावर विकली जातात. भूमी अभिलेखाची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागा. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोन मोजणी झाली आहे, पण मोजणी झाली म्हणजे पत्रिका तयार झाली असं नाही. आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर असं घर शोधायला गेलात तर बहुतेक वेळा हाताला काही लागत नाही, कारण त्याला गट नंबर नाही. आमच्या वकिलाने "बोजा आढळला नाही" असं लिहून दिलं आणि आम्ही ते "बोजा नाही" असं वाचलं.

बागेचा सातबारा वेगळा होता. त्यावर क्षेत्र निघालं 0.81 हेक्टर. राहिलेले 0.53 हेक्टर म्हणजे तलावाचा काठ आणि पाळ. मालगुजारी 1951 मध्ये गेली. 1950 च्या कायद्याने राहता वाडा, त्याच्या आवारातली झाडं आणि विहिरी मालगुजारांकडे राहिल्या, गावाच्या ओलिताचे तलाव मात्र शासनाकडे गेले. त्यांनाच आपण मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतो. मालगुजाराच्या नातवाने "आमचा तलाव" म्हटलं तरी तो त्याचा नसतो. तहसिलीत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज काढून पाहा. कोणत्या पाण्यावर, कोणत्या वाटेवर, कोणत्या काठावर गावाचा हक्क आहे ते त्यात असतं. आम्ही ते पैसे दिल्यावर काढलं. 15 रुपयांचा डिजिटल सातबारा आधी काढला असता तरी क्षेत्र तिथेच उघडं पडलं असतं. दलालाने दिलेली झेरॉक्स होती 1.34 ची.

बाग शेतजमीन असेल तर विदर्भ कुळवहिवाट कायदा 1958 प्रमाणे घेणारा शेतकरी लागतो. जमीन आदिवासीची असेल तर बिगर आदिवासीने परवानगीशिवाय तिच्याकडे पाहूही नये. आमराई आणि चिंचा तोडून खर्च काढू असं कोणी सांगत असेल तर आंबा, चिंच, साग, मोह ही सगळी झाडं तोडायला 1964 च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते.

आता वारस. मुखत्याराने सांगितलं, मालक एकटेच. निघाले 11, त्यात 4 बहिणी. मुलींना मुलांइतका हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. म्हणजे काका जिवंत असते तरी हाती लागला असता तो अकरातला एक हिस्सा. राहत्या घरातला एकाचा हिस्सा बाहेरच्याने घेतला तर त्याला आत राहायचा हक्क मिळत नाही, आणि वाटणी मागायला गेला की घरचे लोक तो हिस्सा विकत घेऊ शकतात. 2019 पासून या वाड्याच्या वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात पडून आहे. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर आडनाव टाकलं की पाच मिनिटांत दिसतो. आम्हाला तो दिसला एका बहिणीच्या वकिलाची नोटीस आली तेव्हा, जानेवारीत. तोवर त्याच बहिणींच्या हक्कसोडपत्रांसाठी आम्ही 1,40,000 मोजलेले होते.

इसार 500 च्या मुद्रांकावर, नोटरीकडे. नोंदवू या म्हटलं तर पुतण्या म्हणाला, भाऊबंदांत बोभाटा होईल. बोभाटा होऊ द्या. नोंदणी झाली की नोंदणी विभागाच्या सूचीत दिसतं, आणि नेमकं तेच त्यांना नको असतं. रोख तर देऊच नका. स्थावराच्या इसारापोटी 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे. आमच्या 4 लाखांची पावती साध्या कागदावर आहे आणि तिच्यावर "भाऊबंद खर्च" असं लिहिलेलं आहे.

यानंतर सुरू झाल्या सरकारी कार्यालयांच्या फेऱ्या. तलाठी म्हणाले, गावठाण आमच्याकडे नाही. ग्रामसेवक म्हणाले, आम्ही फक्त कर घेतो. भूमी अभिलेखात उत्तर मिळालं, पत्रिका अजून छापायची आहे. दुय्यम निबंधक म्हणाले, आम्ही दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. पोलीस ठाण्यात पहिल्याच वाक्याला सांगितलं, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. मेलेल्या माणसाच्या नावाने त्याचा पुतण्या सही करतो, पैसे घेतो, आणि हा दिवाणी मामला? आम्ही भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4) दाखवलं. तर उत्तर आलं, साहेब बंदोबस्ताला गेले आहेत, सोमवारी या. असे सहा सोमवार गेले. जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत गेलो तर रक्कम लहान पडते म्हणाले. ज्याची जमापुंजी गेली त्याला लहान म्हणायचं!

आणि चेक. आम्ही दारात बसून राहिल्यावर दलालाने 3,00,000 चा चेक दिला. तो परत आला, शिल्लक नाही म्हणून. अशा वेळी बँकेची खबर मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची, 15 दिवस वाट पाहायची आणि पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करायची. मुदतीत असेल तर चेक पुन्हा भरताही येतो. ठाण्यातल्या हवालदाराने मूळ चेक आणि बँकेचा मेमो चौकशीसाठी ठेवून घेतला. नोटिशीचं काम तुम्ही करू नका, आम्ही बोलावून घेतो त्याला, म्हणाला. चेक परत मिळाला 104 दिवसांनी. नोटिशीचे 30 दिवस गेले आणि चेकचे तीन महिनेही गेले. पोलिसांना झेरॉक्स द्या. मूळ मागितलं तर लेखी पंचनामा मागा आणि नोटीस त्याच आठवड्यात पाठवा. आमचं ऐकून थांबू नका, कोणाचंही ऐकून थांबू नका.

ठाण्याने गुन्हा घेतला नाही तर तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवायची आणि पोचपावती जपायची. तिथेही हाललं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. आमचा अर्ज तिथे आहे, दोन तारखा पडल्या. पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, ती चालू आहे.

वाडा अजून विकायला आहे. किंमत 62 लाख केली आहे. नवे फोटो आम्ही पाहिले: कर्दळ आहे, कारंजं आहे, ओसरीचा तिसरा खांबही आहे. तसबीर काढली आहे, पण भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा चौकोन दिसतो. कोणी दाखवायला नेलं तर रखवालदाराला बाजूला घेऊन विचारा, इथे कोणाचा फोटो होता.