विजापूर रोडवरील ज्यूस सेंटर: लहान मुलांच्या ग्लासात साखर किती?

सोलापुरात पारा 42 अंशांच्या पुढे गेला की विजापूर रोडवरील या ज्यूस सेंटरपुढे संध्याकाळी दुचाक्यांची गर्दी होते आणि त्यांतील बऱ्याच दुचाक्यांवर एखादे शाळकरी मूल असते. चवीबद्दल तक्रार नाही. भौगोलिक मानांकन मिळालेले आपले डाळिंब येथे ताजे मिळते, भांडी स्वच्छ असतात आणि दरही रास्त आहेत. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी मात्र दरफलक वाचण्याआधी मिक्सरजवळ उभ्या असलेल्या कारागिराच्या हाताकडे पाहावे.

त्याच्या उजव्या बाजूला स्टीलच्या डब्यात साखरेचा पाक तयार ठेवलेला असतो. मोसंबीचा रस गाळून झाला की कोणी न मागताही त्यात पाकाचा एक डाव पडतो. चिकू शेकमध्ये दोन डाव जातात आणि वर आइस्क्रीमचा गोळा बसतो. ‘साखर नको’ असे सांगितले तर नकार मिळत नाही, पण ‘आंबट लागतंय की, पोरगं पिणार न्हाई’ असे उत्तर ठरलेले असते. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात बिनसाखरेचे काही मागणे हेच मुळात थोडे विचित्र समजले जाते, हे मान्य केले पाहिजे.

हा आग्रह कशासाठी, ते आकड्यांत सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभरातील एकूण उष्मांकांपैकी 10 टक्क्यांहून कमी उष्मांक मुक्त साखरेतून, म्हणजे वरून घातलेली साखर, मध, पाक अशांतून यावेत आणि जमल्यास ते प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली आणावे. दिवसाला सुमारे 1500 उष्मांक लागणाऱ्या मुलाच्या बाबतीत 10 टक्के म्हणजे साधारण 37 ग्रॅम साखर होते. नेहमीच्या कोल्ड्रिंकमध्ये दर 100 मिलिलिटरला 10 ते 11 ग्रॅम साखर असते, म्हणजे 250 मिलिलिटरच्या एका बाटलीतच दिवसाच्या मर्यादेचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग संपतो.

ज्यूस सेंटरच्या ग्राहकांना न रुचणारी गोष्ट याच सूचनांमध्ये आहे: पिळून काढलेल्या फळांच्या रसातील साखरही मुक्त साखरेतच मोजली जाते. त्यामुळे पाक वगळला तरी मोसंबीचा मोठा ग्लास मुलाला रोज देण्याजोगा ठरत नाही. एका ग्लासासाठी तीन-चार मोसंबी लागतात आणि तेवढी फळे एका बैठकीत सोलून खाणारे मूल क्वचितच सापडेल. चोथा गाळणीत राहतो, साखर तेवढी ग्लासात उतरते. शिवाय पेयातून गेलेल्या उष्मांकांनी पोट भरल्याची जाणीव फारशी होत नाही, म्हणून मूल रात्रीची भाकरी कमी खात नाही आणि जास्तीचे उष्मांक अंगावर चढत राहतात. ‘फळांचाच रस आहे’ या समाधानापोटी आपण कोल्ड्रिंकला नाही म्हणतो आणि तेवढ्याच गोडीचे दुसरे काहीतरी हातात देतो.

दुकानातील फ्रीजबाबतही हेच म्हणता येईल. त्यात गॅसच्या बाटल्यांशेजारी आंब्याच्या पेयाचे छोटे पॅक रचलेले असतात आणि मुलांचा हात बहुधा त्यांच्याकडेच जातो. 22 सप्टेंबर 2025 पासून गॅसयुक्त गोड पेयांवर 40 टक्के, तर गॅस नसलेल्या फळाधारित पेयांवर 5 टक्के जीएसटी आहे. ब्रिटनने 2018 मध्ये लावलेला कर दर 100 मिलिलिटरमधील साखरेच्या प्रमाणावर ठरतो. आपल्याकडे साखरेऐवजी बुडबुड्यांवर कर बसल्यासारखे झाले आहे आणि स्वस्त पॅक अधिक निरुपद्रवी असावा, असा पालकांचा समज होणे स्वाभाविक आहे. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि मेद असलेले पदार्थ विकण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी मनाई आहे. हे दुकान त्या हद्दीच्या बाहेर असल्याने नियमात बसते, पण शाळा सुटलेल्या मुलांना तेवढे अंतर काहीच वाटत नाही.

तरीही मी हे दुकान टाळा असे म्हणणार नाही. पाकाशिवाय रस हवा असल्यास फळ कापण्यापूर्वीच सांगावे, कारण गर्दीत सगळा रस एकदमच ढवळून ठेवतात. फलकावर नसलेला हाफ ग्लास मागितल्यास मिळतो. डाळिंबाचे दाणे वाटीत द्यायला मालक तयार असतात, फक्त दाम रसाएवढाच घेतात, हे काही पटत नाही. या दुकानात मुलांना निर्धास्त द्यावे असे पेय एकच, जिरे घातलेले साधे ताक. ते मात्र फलकाच्या अगदी तळाशी लिहिले आहे आणि फारसे खपत नाही म्हणून मालक थोडेच करून ठेवतात. संध्याकाळी सातनंतर गेलात तर ते संपलेले असण्याचीच शक्यता अधिक.