धंदा विकायचाय: ओळखीत बोलावं की ब्रोकर गाठावा?

जळगावची डाळमिल, प्लास्टिक चटईचा कारखाना किंवा धुळ्याकडची कापसाची जिनिंग विकायची म्हटलं की दोन वाटा असतात. नात्यागोत्यात, व्यापाऱ्यांत शब्द टाकायचा, नाहीतर कमिशन देऊन ब्रोकरकडून गुपचूप गिऱ्हाईक शोधायचं.

ओळखीत कमिशन वाचतं, माणूस पारखलेला असतो आणि व्यवहार अडला तर चार वडीलधारे मध्ये पडतात. पण बातमी थांबत नाही. दाणाबाजारात सकाळी निघालेली गोष्ट संध्याकाळी भुसावळ-चोपड्याला पोचते. डाळमिल उधारीवर चालते, म्हणून झळ लगेच बसते. मालक धंदा विकायला काढतोय कळलं की तूर-हरभरा देणारा आडत्या रोख मागतो, आणि ज्यांच्याकडे आपलं येणं आहे ते तारखा पुढे ढकलतात. जुना ऑपरेटर शेजारच्या मिलमध्ये लागतो. गिऱ्हाईक येईपर्यंत मशिनरी आणि शेडच उरते. चालत्या धंद्याची किंमत मग कोण देणार?

चांगला ब्रोकर आधी नाव नसलेला एक पानी कागद फिरवतो. रस दाखवणाऱ्याची ऐपत तपासतो, गोपनीयतेच्या करारावर सही घेतो, मगच नाव आणि ताळेबंद उघड करतो. ग्राहकांची यादी आणि त्यांचे भाव सगळ्यात शेवटी, इसार हातात पडल्यावर. आपल्याकडे मात्र नुसतं नाव झाकून भागत नाही. ‘जळगाव एमआयडीसी, चटई, इतक्या मशीन’ एवढ्यावरून सगळी एमआयडीसी कारखाना ओळखते. ‘उत्तर महाराष्ट्र, प्लास्टिक वस्तू’ इथंच थांबायला सांगा. कागद कोणाला जाता कामा नये, ती नावंही लिहून द्या. म्हणूनच मला गावातल्यापेक्षा इंदूर, सुरत किंवा नाशिकचा ब्रोकर बरा वाटतो.

घर-प्लॉटच्या एजंटला महारेराची नोंदणी लागते. धंदे विकून देणाऱ्याला तसा वेगळा परवाना नाही. त्यामुळे आगाऊ फी किती, कमिशन पैसे जमा झाल्यावरच का, मुदत संपल्यावर तुम्ही स्वतः आणलेल्या गिऱ्हाइकावर त्याचा हक्क राहतो का, हे सहीआधी लेखी ठरवा.

घेणारा आधीच ठरलेला असेल, म्हणजे भागीदार, पुतण्या किंवा जुना मॅनेजर, तर ब्रोकर कशाला? वकील आणि सीए पुरेत. पण धंदा उधारीवर उभा असेल आणि घेणारा शोधायचाच असेल, तर मी कमिशन देईन.

काही कामं दोन्ही वाटांवर सारखीच. एमआयडीसीचा प्लॉट भाडेपट्ट्याचा असतो, तिची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क याशिवाय तो नावावर होत नाही. नोटरीच्या कागदावर ताबा देऊ नका. धंद्यावर बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज (सीसी लिमिट) असेल तर बँकेची ना-हरकत लागते. चालता धंदा अख्खा दिला तर त्या हस्तांतरणावर जीएसटी नाही, मशिनरी सुटी विकली तर लागतो. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट घेणाऱ्याकडे वळवायला आयटीसी-02 फॉर्म भरावा लागतो आणि सोबत सीएचा दाखला जोडावा लागतो. म्हणून बाहेर शब्द काढायच्या आधी सीएकडे जाऊन बसा.