बॅरिॲट्रिकनंतरची खरेदी: कामाचं काय, नुसतं महाग काय

बॅरिॲट्रिक म्हणजे वजन कमी करण्यासाठीचं जठराचं ऑपरेशन. त्यातलं स्लीव्ह किंवा बायपास झाल्यावर डिस्चार्जच्या कागदांसोबत एक यादी हातात पडते. प्रोटीन पावडर, कॅल्शियम, आयर्न, मल्टीव्हिटॅमिन, बी-१२, पोटाचा पट्टा, तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र, आणि हौशी घरांत नवा वजनकाटाही. मेडिकलवाला त्यातली निम्मी नावं वाचून ‘हे नाहीये, पण हे सेमच आहे’ म्हणत दुसरा डबा पुढे करतो. पुढच्या तक्रारींपैकी बऱ्याच तिथूनच सुरू होतात, कारण बहुतेक वेळा ते सेम नसतं. म्हणून इथे यादीतल्या एकेका वस्तूचा हिशोब मांडला आहे. सगळे आकडे प्रौढांसाठी, स्लीव्ह किंवा नेहमीच्या बायपासनंतरचे आहेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीनचा आकडा नेफ्रॉलॉजिस्टकडूनच घ्यावा.

प्रोटीन पावडर

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते. गरज दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीनची. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढलेला असतो, बायपासमध्ये जठराची जी छोटी पिशवी करून आतड्याला जोडतात ती तर जेमतेम ३० मिलीची. सुरुवातीला एका वेळी चार-सहा घोटांपलीकडे काही जात नाही. त्यामुळे पावडर किती पौष्टिक यापेक्षा तिच्यात प्रोटीन किती दाट आहे हे बघायचं.

डब्याच्या पाठीवर ‘प्रति १०० ग्रॅम’चा रकाना शोधा. प्रोटीन ७५ ग्रॅमच्या खाली असेल तर डबा परत ठेवा. व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रोटीन. व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये ७० ते ८० टक्के प्रोटीन असतं आणि थोडं लॅक्टोजही, म्हणजे दुधातली साखर. आयसोलेटमध्ये प्रोटीन ९० टक्क्यांच्या आसपास आणि लॅक्टोज नावापुरतं. फ्लेवर आणि कोको घातले की डब्यावरचा आकडा थोडा खाली येतो, ते चालतं. बायपासनंतर दुधाने पोट बिघडत असेल तर जास्तीचे पैसे देऊन आयसोलेटच घ्यावं, नाहीतर चांगलं कॉन्सन्ट्रेट पुरतं. दूध अजिबात चालत नसेल तर सोया आयसोलेट. कोलॅजनची पावडर त्वचा-केसांच्या नावाखाली भरपूर खपते, पण तिच्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं. दिवसाच्या ६० ग्रॅममध्ये ती धरू नये.

मग घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन आलं तर ते प्रोटीनच्या भावात विकलेलं कार्बोहायड्रेट समजा. बायपासवाल्याला त्याने डम्पिंग होऊ शकतं: खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल ही साखरेऐवजीची गोडी असेल तर गॅस ठरलेला. ग्लायसिन किंवा टॉरिन ही स्वस्त अमिनो आम्लं वेगळी घातलेली दिसली तर डब्यावरचा प्रोटीनचा आकडा फुगवलेला असण्याची शक्यता धरा.

आता भाव. ग्राहक डब्याची किंमत बघतो, बघायला हवी एका ग्रॅम प्रोटीनची. समजा एक किलोचा डबा २,४०० रुपयांना आणि त्यात ८० टक्के प्रोटीन, म्हणजे ८०० ग्रॅम. ग्रॅमला ३ रुपये पडले. शेजारचा ४०० ग्रॅमचा ‘हेल्थ ड्रिंक’ ७०० रुपयांना आणि त्यात २० टक्के प्रोटीन, म्हणजे ८० ग्रॅम. ग्रॅमला पावणेनऊ रुपये. स्वस्त दिसणारा डबा तिपटीने महाग निघाला, वर पोटातली जागा साखरेने अडवली ती वेगळीच. ‘बॅरिॲट्रिक’ असं ठळक छापलेले डबेही याच हिशोबाने तपासा. त्या शब्दाने किंमत वाढते, प्रोटीन वाढतंच असं नाही.

ऑपरेशनआधी मोठा डबा भरून ठेवू नका. नंतर चव आणि वास बदलतात, आधी आवडलेलं चॉकलेट नंतर नाकाजवळही नकोसं होतं. सॅशे किंवा छोटी पाकिटं आणा, आणि त्यातलं एक तरी बिनचवीचं असू द्या.

ऑपरेशननंतरच्या द्रव आहाराच्या पंधरवड्यात हिशोब असा बसतो. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २५ ग्रॅम प्रोटीन असेल तर अर्धा स्कूप १०० मिली पाण्यात, दिवसातून चार वेळा. हे झाले ५० ग्रॅम. त्याशिवाय दिवसभरात ३०० मिली साय काढलेलं दूध, म्हणजे साधारण १० ग्रॅम. प्रत्येक पेला संपवायला अर्धा तास लागू द्या. शेकर जोरात हलवला की फेस होतो, फेसातली हवा पोटात जाते आणि डाव्या बाजूला कळ येते. त्यापेक्षा रवीने हलकं घुसळा आणि दहा मिनिटं ठेवून फेस बसू द्या. उकळत्या वरणात किंवा दुधात व्हे टाकलं तर गुठळ्या होतात. आधी कोमट होऊ द्या, पावडर थोड्या गार पाण्यात कालवून मग मिसळा.

वरणाचं पाणी, पेज आणि नारळपाणी हे पाण्याच्या खात्यात मोजा. वरून निवळलेल्या वरणाच्या पाण्यात प्रोटीन फारसं नसतं. ‘रोज दोन वाट्या डाळीचं पाणी पितो’ म्हणणाऱ्यांचं स्नायूचं वजन उतरत असतं आणि त्यांना वाटतं चरबी उतरतेय.

साधारण सहा-आठ आठवड्यांनी घट्ट जेवण सुरू झालं की पावडर कमी करता येते. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, शिजलेल्या चिकनच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३०. दह्यापेक्षा चक्का दाट, बिनसाखरेचा मात्र; साखर घातली की त्याचं श्रीखंड होतं आणि मग ते या यादीतून बाद. जेवताना प्रोटीन आधी, भाजी मग, भाकरी-भात जागा उरली तर. मऊ पोळीचा गोळा आणि साबुदाणा हे अडकणारे पदार्थ आहेत. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, तेव्हा उपवासाला खिचडीऐवजी पनीर किंवा ताक-दूध बरं, आणि गोळ्यांना उपवास नाही.

कॅल्शियम

दिवसाला १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम हवं. इथे ‘सेमच आहे’ने सर्वांत जास्त नुकसान होतं. दुकानात सहज मिळणारं कॅल्शियम बहुतेक कार्बोनेट असतं. घरोघरी असलेली शेलकॅल ५०० ही त्यातलीच. साध्या माणसाला ती ठीक. पण कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. ऑपरेशननंतर ते कमी झालेलं असतं आणि त्यात पहिले काही महिने आम्ल दाबणारी पँटोप्राझोलसारखी गोळीही चालू असते. म्हणून सायट्रेट हवं, त्याला आम्लाची गरज नसते आणि ते रिकाम्या पोटीही चालतं.

सायट्रेट घेताना पुन्हा आकड्याची गोम. ‘कॅल्शियम सायट्रेट १,००० मिग्रॅ’ असं लिहिलं असेल तर त्यात खरं कॅल्शियम २१ टक्के, म्हणजे २१० मिलिग्रॅम. लेबलवर ‘एलिमेंटल’ शब्दापुढचा आकडा धरा. तो नसेल तर २१ टक्क्यांनी गुणा. त्यामुळे गोळ्यांची संख्या वाढते, हे मान्य करूनच बसायचं. एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषलं जात नाही, म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा विभागून. कॅल्शियम आणि आयर्न यांत दोन तासांचं अंतर, थायरॉईडची गोळी असेल तर तिच्यापासून दोघांनाही चार तास दूर ठेवा. सकाळी थायरॉईड, दुपारी आणि संध्याकाळी कॅल्शियम, झोपताना आयर्न अशी घडी बऱ्याच जणांना बसते. आयर्नवर चहा नको, निदान तासभर.

बाकी गोळ्या

मल्टीव्हिटॅमिन म्हणून बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल गळ्यात मारली जाते. तिच्यात आयर्न, तांबं, व्हिटॅमिन ए, डी यांचा पत्ता नसतो. गमीज चवीला छान, पण बहुतेकींत आयर्न नसतं. त्वचेवर चिकटवायच्या पॅचवर विसंबू नये. आयर्न पाळी चालू असलेल्या बायकांना आणि बायपासनंतर ४५ ते ६० मिलिग्रॅम एलिमेंटल, बी-१२ तोंडाने रोज ३५० ते १,००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १,००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. डी-३ रोज ३,००० युनिट. आपल्याकडे डॉक्टर आठवड्याला ६०,००० चं सॅशेही देतात, तेव्हा दोन्ही एकदम सुरू नाहीत ना हे विचारून घ्या. पहिले काही आठवडे मोठी गोळी अडकते, म्हणून चघळायची किंवा पातळ औषध. कुटून घेण्याआधी पाकिटावर एसआर, ईआर किंवा एक्सआर नाही ना ते पाहा. हळूहळू सुटणारी गोळी कुटली की सगळा डोस एकदम पोटात पडतो.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात आणि मग झिंक-बायोटिनचा बाजार भरतो. ही गळती वजन झपाट्याने उतरल्याची असते, मुळं शाबूत राहतात, प्रोटीन आणि आयर्न नीट असेल तर काही महिन्यांत थांबते. नुसतं झिंक महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं उतरतं, त्यातून ॲनिमिया आणि पायांना मुंग्या. दर ८ ते १५ मिलिग्रॅम झिंकमागे १ मिलिग्रॅम तांबं हे प्रमाण सांभाळा. मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉईडच्या आणि हृदयाच्या ट्रोपोनिन चाचणीचे आकडे चुकवतं, म्हणून घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा.

स्वस्त आणि मस्त

तीन चेंडूंचा स्पायरोमीटर पहिल्या आठवड्यात पैसे वसूल करतो. फक्त त्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. झटक्याने तीनही चेंडू उडवण्यात मजा आहे, उपयोग नाही. सावकाश ओढून चेंडू वर धरून ठेवायचा, जागेपणी तासाला दहा वेळा. ३० मिलीचा औषधाचा पेला आणि रेघांची अर्धा लिटरची बाटली एवढ्यावर पाण्याचा प्रश्न सुटतो. दर दहा मिनिटांना ३० मिली म्हणजे तासाला १८० मिली, दीड लिटरला आठ तासांहून जास्त. त्यामुळे सकाळी उठल्यापासून सुरुवात हवी, संध्याकाळी भरून काढता येत नाही. जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही.

पोटाचा पट्टा: दुर्बिणीच्या ऑपरेशनला गरज नाही. खोकताना पोटावर उशी दाबा. पट्ट्याने वजनही उतरत नाही आणि लोंबती त्वचाही आवळत नाही.

वजनकाटा, आणि ‘माझं वजन उतरतच नाही’

काटा साधा डिजिटल घ्या. चरबी, स्नायू, ‘शरीराचं वय’ दाखवणारा काटा तळपायांतून सौम्य विजेचा प्रवाह सोडून शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतो. ऑपरेशननंतर पाण्याचंच गणित रोज बदलतं, त्यामुळे ते टक्के भरवशाचे नसतात. पेसमेकर असेल तर त्या काट्यावर उभंच राहायचं नाही.

काट्यामुळे सर्वांत जास्त घबराट तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला होते. सुरुवातीला शरीर ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, वापरतं आणि प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी निघून जातं, म्हणून वजन धाडकन खाली येतं. आहार थोडा वाढला की त्यातलं काही पाणी परत येतं. चरबी उतरत असते, काटा हलत नाही. हा टप्पा आठवडा-दोन आठवडे टिकू शकतो आणि त्यावर कुठलीही पावडर उपाय नाही. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, दर वेळी सारख्याच कपड्यांत. सोबत कंबरेची टेप महिन्यातून एकदा.

अपेक्षेचा आकडाही आधी ठरवा. स्लीव्हनंतर एक ते दीड वर्षात मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरतं. १२० किलोच्या माणसासाठी हे ३० ते ३६ किलो, म्हणजे काटा ८४ ते ९० वर. शेजारणीचं तीन महिन्यांत पंचवीस किलो गेलं असेल तर तिचं सुरुवातीचं वजन विचारा. वजन जसं कमी होतं तशी शरीराची गरजही कमी होते, त्यामुळे सहाव्या महिन्याचा वेग पहिल्यासारखा नसतो.

दोन-तीन महिने काटा खरोखरच थांबला तर आधी फरसाणाचा डबा बघा. शेव, चकली, चहात बुडवलेली बिस्किटं, आइस्क्रीम, मिल्कशेक हे सगळं पोट न भरता खाली सरकतं. छोट्या पोटाने जेवण अडवलं, चिवड्याला मोकळी वाट मिळाली. जेवताना पाणी प्यायल्यानेही तेच होतं, घास धुऊन निघतो आणि तासाभरात पुन्हा भूक.

फॉलोअपचं पॅकेज

विकत घेताना एवढं विचारा: तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याच्या रक्ततपासण्या धरल्या आहेत का, त्यात फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉईड हार्मोन) आहे का, आणि रात्री अकराला उलटी झाली तर फोन कोण उचलतो. आहारतज्ज्ञांच्या भेटी मोजून दिल्या असतील तर त्या पहिल्या दोन महिन्यांत संपवू नका, खरी गरज सहाव्या महिन्यानंतर लागते. ताप, १२० च्या पुढे नाडी, वाढती पोटदुखी किंवा डाव्या खांद्यात कळ असेल तर पॅकेज कुठलंही असो, थेट ऑपरेशन केलेलं हॉस्पिटल गाठायचं.

पाकिटात एक कार्ड मात्र हवंच, लॅमिनेट करून. त्यावर ऑपरेशनचा प्रकार, तारीख, सर्जनचा नंबर आणि दोन सूचना. पहिली: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको. बायपासच्या जोडावर त्याने अल्सर होतो, आणि अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला हेच असतं. दुसरी: आठवडाभर उलट्या होत असतील तर ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिनचं (व्हिटॅमिन बी-१) इंजेक्शन. अशक्तपणा म्हटलं की गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लागतंच. शरीरातलं थायमिन संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं, आणि मेंदूची ती हानी कायमची राहू शकते.