‘रिसिव्हर ऑफ रेक’ : सापडलेलं कळवायची खिडकी, परवानगीची नव्हे

सेवा : ब्रिटनच्या मेरीटाइम अँड कोस्टगार्ड एजन्सीचं ‘रिसिव्हर ऑफ रेक’ कार्यालय, साउदॅम्प्टन
शुल्क : नाही
आमचा शेरा : पाचपैकी चार तारे. कापलेल्या एका ताऱ्याचा हिशेब पुढे येईलच.

मालवणला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला डायव्हिंग शिकून शिक्षण-नोकरीसाठी ब्रिटनला गेलेली मंडळी तिथल्या गार पाण्यात उतरतात ती प्रवाळ बघायला नव्हे, बुडालेली जहाजं बघायला. इंग्लिश खाडीचा तळ अशा जहाजांनी भरलेला आहे. मग कधीतरी वाळूत अर्धं गाडलेलं पितळी पोर्टहोल, म्हणजे जहाजाची गोल खिडकी, दिसतं आणि हात शिवशिवतात. ‘सापडेल त्याचं’ हा नियम तिथल्या समुद्रात चालत नाही. शंभर वर्षं बेवारस पडलेल्या वस्तूलाही मालक असू शकतो. तो कोण, हे शोधायचं काम हे कार्यालय करतं.

रेक म्हणजे मालगाडीचा नव्हे. बुडालेलं किंवा सोडून दिलेलं जहाज, त्याचे सुटे भाग, त्यावरचा माल, पाण्यावर तरंगत आलेलं, किनाऱ्याला लागलेलं असं सगळं त्यात येतं. भरती-ओहोटीचं पाणी जिथवर पोचतं तिथवर हा कायदा लागू. वस्तू किती जुनी, किती किमतीची, याला खालची मर्यादा नाही. घंटा, तोफ, बशी, दारूची बाटली, सगळं कळवायचं. आणि ब्रिटिश हद्दीबाहेर सापडलेली वस्तू ब्रिटनमध्ये आणली तर तीही कळवायची. कायदा १९९५ चा मर्चंट शिपिंग ॲक्ट, कलम २३६. मुदत २८ दिवस. न कळवल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड, वस्तू काढण्याच्या मोबदल्याचा हक्क गेला, आणि वर वस्तूच्या दुप्पट किंमत मालकाला, मालक नसल्यास राजसत्तेला (क्राउनला) भरायची जबाबदारी. डायव्हर दंडाचा आकडा ऐकून निर्धास्त होतात. खरा फटका त्या ‘दुप्पट’मध्ये आहे.

नोंद करणं सोपं आहे. ऑनलाइन अर्ज भरा किंवा ‘एमएसएफ ६२००’ हा फॉर्म पाठवा. काय सापडलं, कधी, कुठे, किती खोलीवर, तळावरून काढलं की किनाऱ्यावर मिळालं, जहाजाचं नाव माहीत असल्यास ते, वस्तू आता कुठे ठेवली आहे आणि बाहेर काढण्याचा मोबदला मागायचा आहे का, एवढंच विचारतात. सोबत फोटो जोडावेत, पट्टी ठेवून आणि सर्व बाजूंनी. घंटेवरचं नाव, बशीच्या बुडाचा शिक्का, पितळेवर ठोकलेला क्रमांक यांचे फोटो वेगळे आणि जवळून घ्यावेत. मालक सापडतो तो बहुतेक अशाच खुणांवरून.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जागेच्या रकान्यात. बोटीवरचा जीपीएस बहुधा अंश आणि दशांश मिनिटं दाखवतो, फोन दशांश अंश दाखवतो. बोटीवर ५० अंश ३०.५ मिनिटं असं वाचून कोणी अर्जात ५०.३०५ असं उतरवलं, तर खरा आकडा ५०.५०८ असल्याने जागा सुमारे १२ सागरी मैल दक्षिणेला सरकते. ब्रिटनची सागरी हद्दही किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैलांचीच. म्हणजे एका टिंबाच्या चुकीने तुमची बशी देशाबाहेर जाऊ शकते. म्हणून आकड्याशेजारी तो कुठल्या पद्धतीत लिहिला आहे हे आणि ‘डब्ल्यूजीएस ८४’ हा नकाशाचा संदर्भ नोंदवावा.

हद्दीला एवढं महत्त्व का? वर्षभर मालक पुढे आला नाही, तर हद्दीच्या आत सापडलेली वस्तू राजसत्तेची होते आणि हद्दीबाहेरून आणलेली वस्तू काढणाऱ्याला परत मिळते. ही फट ओळखून एका डायव्हरने टेम्सच्या मुखाशी १६६५ मध्ये बुडालेल्या ‘लंडन’ या युद्धनौकेच्या तोफा काढल्या आणि त्या हद्दीबाहेर सापडल्याचं सांगितलं. तोफा त्याला मिळाल्या, ५० हजारांहून अधिक पौंडांना विकल्याही गेल्या. लबाडी उघडी पडल्यावर २०१५ मध्ये त्याला दोन वर्षांची कैद झाली. त्याच्या आदल्या वर्षी आणखी दोघा डायव्हरांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला होता. केंटच्या किनाऱ्याजवळच्या जहाजांवरून काढलेल्या तोफा, जर्मन पाणबुड्यांचे पंखे, शिशाच्या आणि कथलाच्या लगडी त्यांनी कळवल्याच नव्हत्या. मालाची किंमत अडीच लाख पौंडांवर होती.

आता सेवेची जमेची बाजू, आणि ती मोठी आहे. तपास चालू असताना वस्तू सहसा तुमच्याकडेच ठेवू देतात. मालक सापडला तर काढण्याच्या श्रमांचा मोबदला त्याच्याकडून मागता येतो, मात्र तो वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही. मालक सापडला नाही आणि वस्तू राजसत्तेकडे गेली, तरी किरकोळ वस्तू मोबदल्याच्या बदल्यात काढणाऱ्याकडेच राहू देण्याची पद्धत आहे. ऐतिहासिक वस्तूंसाठी आधी संग्रहालयांना विचारलं जातं. थोडक्यात, प्रामाणिकपणे कळवणाऱ्याचं पोर्टहोल बहुधा त्याच्या घरीच राहतं, तेही रीतसर कागदासह. सरकारी खात्याकडून एवढी अपेक्षा आपल्याला नसते! २००१ मध्ये तीन महिन्यांची माफी जाहीर झाली, तेव्हा लोकांनी माळ्यावर नि गॅरेजमध्ये दडवलेल्या ३० हजारांहून अधिक वस्तू कळवल्या. त्यावरून आधी किती जण गप्प बसले होते याचा अंदाज यावा.

तारा कापला तो दोन कारणांसाठी. एक, वेळ. मालकाला दाव्यासाठी कायद्याने पूर्ण वर्ष मिळतं, आणि ते वर्ष तुमच्यासाठीही तितकंच लांब असतं. त्या काळात वस्तू विकता येत नाही, कोणाला देता येत नाही, आणि तिची निगा तुम्हीच राखायची. इथेच बहुतेकांचं नुकसान होतं. समुद्रातून काढलेला ओतीव लोखंडाचा गोळा पुसून कपाटात ठेवला, की आत मुरलेले क्षार हवेत काम सुरू करतात आणि काही महिन्यांत त्याचे पापुद्रे सुटू लागतात. मातीच्या भांड्यात क्षारांचे स्फटिक होऊन वरची झिलई उडते. लाकूड वाळलं की आक्रसून तडकतं. म्हणून काढल्याक्षणी वस्तू समुद्राच्याच पाण्यात, झाकणाच्या प्लास्टिकच्या टबात ठेवावी. मग टप्प्याटप्प्याने गोडं पाणी मिसळत न्यावं आणि पाणी बदलत राहावं. धातूचं पातेलं वापरू नये, लोखंड आणि तांबं-पितळ एका टबात ठेवू नये, आणि वरचा चुन्यासारखा थर हातोडीने फोडू नये. खरं काम संवर्धकाचं आहे आणि त्याचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा सहज जास्त होतो. ज्याला हा खर्च झेपणार नाही त्याने वस्तू तळाशीच राहू द्यावी. तोफगोळा, काडतूस, कॉर्डाइट या जुन्या स्फोटकाच्या कांड्या असं काही दिसलं तर हातही लावू नये, जागा टिपून कोस्टगार्डला कळवावं.

दुसरं कारण आमच्या मते जास्त गंभीर आहे. हे कार्यालय नोंद घेतं, परवानगी देत नाही. नवख्याला वाटतं की २८ दिवसांत कळवलं म्हणजे सगळं कायदेशीर झालं. तसं नाही. वस्तू उचलण्याआधीच्या परवानग्या वेगळ्या दारांवर मिळतात, आणि कोणत्या जहाजासाठी कोणतं दार ठोठवायचं हे तुम्हीच शोधायचं.

१९७३ च्या प्रोटेक्शन ऑफ रेक्स ॲक्टखाली ऐतिहासिक जहाजांभोवती ठरावीक त्रिज्येचं वर्तुळ आखलेलं असतं. त्यात परवान्याशिवाय डायव्हिंगच गुन्हा आहे, वस्तू उचलणं दूरच. इंग्लंडमध्ये अर्ज हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा-संस्थेकडे, वेल्समध्ये कॅडू या तशाच संस्थेकडे. परवाने चार प्रकारचे : नुसतं पाहणं, मोजणी, तळावर उघडं पडलेलं उचलणं आणि उत्खनन. हौशी माणसाला पहिला पुरतो. प्लिमथजवळ १६९१ मध्ये बुडालेल्या ‘कोरोनेशन’वर असा पाहण्याचा परवाना घेऊन अनेक जण जातात. याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात धोकादायक जहाजं येतात. शीरनेसजवळचं ‘रिचर्ड मॉन्टगोमेरी’ १९४४ पासून पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं घेऊन पडलंय. तिथे जाण्याचा विचारही नको. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथे ही जहाजं ऐतिहासिक सागरी संरक्षित क्षेत्रांत मोडतात.

युद्धनौका आणि लष्करी विमानांसाठी १९८६ चा प्रोटेक्शन ऑफ मिलिटरी रिमेन्स ॲक्ट आहे. लष्करी विमानाला आपोआप संरक्षण, त्यासाठी वेगळी यादी नाही. जहाजांचे दोन वर्ग. ‘संरक्षित स्थळी’ पाहता येतं, आत शिरता येत नाही, काही उचलता येत नाही. ‘नियंत्रित स्थळी’ परवान्याशिवाय पाण्यात उतरताच येत नाही, स्कॉटलंडमधल्या स्कापा फ्लो खाडीतली ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका त्यांपैकी. त्याच खाडीतली जर्मन आरमाराची जहाजं मात्र स्मारक म्हणून नोंदलेली आहेत. त्यांच्यावर डायव्हिंग चालतं, एक खिळाही आणणं चालत नाही. एकाच खाडीत असे दोन नियम, आणि दोन्ही ठिकाणी नेणारी बोट तीच असू शकते.

याशिवाय २००९ चा मरीन अँड कोस्टल ॲक्सेस ॲक्ट. बोटीवरची विंच लावून तळावरून काही उचलायचं असेल तर सागरी परवाना लागतो. उचलफुगा (हवा भरून वस्तू वर आणणारी पिशवी) वापरायचा बेत असेल तर इंग्लंडमध्ये मरीन मॅनेजमेंट ऑर्गनायझेशनला आधीच लेखी विचारावं. नदीत भरतीचं पाणी पोचत नाही तिथे रेकचा कायदा संपतो आणि जागेचा मालक व गुप्तधनाचा १९९६ चा कायदा सुरू होतो. त्यात मुदत १४ दिवस, आणि कळवायचं कोरोनर या चौकशी अधिकाऱ्याला.

आणि या सगळ्यांच्या वर खुद्द मालकाची परवानगी. विमा कंपनीने नुकसानभरपाई दिली की मालकी तिच्याकडे जाऊ शकते. युद्धकाळातल्या अनेक जहाजांचा आणि मालाचा विमा सरकारचाच होता, त्यामुळे आज त्यांचं मालकीहक्काचं दार ब्रिटिश वाहतूक खात्यात उघडतं. मालकाला आधी विचारणं आणि नंतर विचारणं यांतला फरक मुंबईहून निघालेल्या दोन जहाजांवरून दिसतो. ‘सिटी ऑफ कैरो’ १९४२ मध्ये मुंबईहून चांदीचे रुपये घेऊन निघालं आणि दक्षिण अटलांटिकमध्ये बुडालं. काढणाऱ्या कंपनीने ब्रिटिश सरकारशी आधी करार केला आणि मग ५,१५० मीटर खोलीवरून ते रुपये २०१३ मध्ये वर आणले. ‘तिलावा’ही १९४२ मध्येच मुंबईहून डर्बनकडे निघालं होतं आणि हिंदी महासागरात जपानी पाणबुडीने ते बुडवलं. त्यातल्या चांदीच्या २,३६४ लगडी दुसऱ्या एका कंपनीने २०१७ मध्ये काढल्या, साउदॅम्प्टनला आणल्या आणि याच कार्यालयाकडे नोंदवल्या. नोंद चोख होती, मालकाला मात्र विचारलेलं नव्हतं. ती चांदी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी घेतली होती. सरकारने मालकी सांगितली, कंपनी मोबदल्यासाठी कोर्टात गेली आणि मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राला असलेलं न्यायालयीन संरक्षण मान्य करून कंपनीचा मोबदल्याचा दावा अडवला. निकालाआधी दोन्ही बाजूंची तडजोड झाली होती, पण कायदा स्पष्ट झाला तो झालाच. खिडकी बरोबर, कागद बरोबर, तरी प्रकरण सात वर्षं अडकलं.

सुट्टीपुरतं तिकडे जाऊन डायव्ह करणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. वस्तू कळवली म्हणजे ती बॅगेत टाकून मुंबईला आणता येते असं नाही. तपास संपण्याआधी ती देशाबाहेर नेऊ नये. नंतरही, ब्रिटनच्या जमिनीत वा सागरी हद्दीत सापडलेली ५० वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू असेल तर किंमत कमी असली तरी निर्यात परवाना लागतो. दोन आठवड्यांच्या सुट्टीत यातलं काहीच उरकत नाही, तेव्हा पाहुण्या डायव्हरने कॅमेराच न्यावा.

आणि तिथला अनुभव गृहीत धरून सिंधुदुर्गात किंवा गोव्यात कोणी काही उचलू नये. तिकडे कळवून वस्तू घरी ठेवता येते. आपल्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याची भाषा मात्र मालक नसलेल्याने वस्तू शक्य तितक्या लवकर रिसिव्हरच्या ताब्यात द्यावी अशी होती. शिवाय १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, आणि तिच्याबद्दल विचारायचं ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला, पाण्यात उतरण्याआधी.