सेकंडहँड डिजिटल कलर मशीन: वर्षभर वापरल्यानंतर (आणि ट्रेडल का विकलं नाही)

छापलेल्या कार्डाला घडी घातली की घडीवर टोनर (डिजिटल मशीनची भुकटीची शाई) फुटतो. हे आधीच लिहून टाकतो, कारण मशीन घेण्याआधी मी जेवढे व्हिडिओ बघितले आणि जेवढ्या छापखानेवाल्यांशी बोललो, त्यात स्पीड, रिझोल्यूशन, किती जीएसएमपर्यंत (कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तसा कागद जाड) कागद ओढतं, सगळं होतं. एवढं एकच नव्हतं. स्पेसिफिकेशन पुन्हा देत नाही. १३ बाय १९ इंच शीटची या वर्गातली सगळी मशीनं उन्नीसबीस तीच आहेत. कंपनीचं नावही लिहीत नाही. सर्व्हिसचा करार अजून चालू आहे आणि इंजिनियर पुण्याहून येतो, त्याला नाराज करून मला परवडणार नाही.

सांगलीत खणभागात आमचा छापखाना. वडिलांच्या काळातलं ट्रेडल (खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, लावून दाबाने छापायचं जुनं मशीन), पुढे घेतलेलं सिंगल कलर मिनी ऑफसेट (प्लेटवरून छापणारं लहान मशीन), आणि चार रंगांचं काम कोल्हापूरला बाहेरून करून घ्यायचं. २०२४च्या दिवाळीआधी हे रीफर्बिश केलेलं मशीन घेतलं आणि चेन पुली लावून पहिल्या मजल्यावर चढवलं. सेल्सवाल्याला ते पटत नव्हतं, खाली ठेवा म्हणत होता. त्याला सांगितलं, २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमचं ट्रेडल अख्खं पाण्यात होतं. पूर ओसरल्यावर चिखल खरवडला, रॉकेलने धुतलं, रोलर नवे टाकले, चालू झालं. तुमचं होईल का? मग तो काही बोलला नाही.

आता घडी. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांचं काम सुरू झालं. पहिलीच मोठी ऑर्डर, ३०० जीएसएम आर्ट कार्ड, बाहेरून गडद मरून सॉलिड (पूर्ण भरलेला रंग), आत गणपती आणि मजकूर. शीट बाहेर पडली तेव्हा रंग बघून मीच खूश. कापून घडी घातली तर मधोमध पांढरी चरचरीत रेघ. बोटाने चोळलं की मरून पापुद्रे हातात. आमचे ट्रेडलवाले मामा जिन्यावरून वर आले, कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाले, “मालक, भिताडाला डिस्टेंपर मारल्यागत हाय ह्ये. वरच बसलंय, आत मुरलंच न्हाई.”

मामांनी एका वाक्यात सांगितलं तेच खरं आहे. ऑफसेटची शाई तेलकट असते. थोडी कागदात मुरते, उरलेली हवेने सुकते, आणि थर अगदी पातळ असतो. टोनर म्हणजे प्लास्टिकची भुकटी. फ्यूजरच्या, म्हणजे मशीनमधल्या तापणाऱ्या भागाच्या, उष्णतेने वितळून ती कागदाच्या वर चिकटते. चार रंग एकावर एक आले की थर जाड होतो. वाकवलं की तडा. जाड कार्डावर गडद सॉलिड असेल तर ऑफसेटचंही थोडं फुटतं, नाही असं नाही, पण ते गिऱ्हाइकाला चष्मा लावून शोधावं लागतं. हे मुलीच्या वडिलांना दुकानाच्या दारातून दिसलं.

कंपनीला फोन केला. उत्तर: “सर, हे नॉर्मल आहे.” मग नॉर्मल आहे तर डेमोला घडी न घालता शीट का दाखवल्या?

क्लिक चार्जचा, म्हणजे दर छापामागे कंपनीला द्यायच्या पैशांचा, राग वेगळाच. १३ बाय १९चं शीट म्हणजे दोन क्लिक, हे पहिलं बिल हातात आल्यावर कळलं. त्याहून चीड येते ती काळ्या मजकुराची. गिऱ्हाईक वर्डमधून किंवा मोबाईलवर केलेली फाईल पाठवतं. दिसायला काळी, पण आतून चारही रंगांचं मिश्रण. मशीन ते कलर क्लिक म्हणून मोजतं. आता फाईल आली की पुतण्या आधी सगळा मजकूर शुद्ध काळा करून घेतो, मगच प्रिंटला पाठवतो. पावसाळ्यात दमट कागद वर नेला की कडा वळतात आणि जॅम, म्हणून एसी चालू ठेवावा लागतो. त्याचं बिल सेल्सवाल्याच्या हिशेबात कुठे नव्हतं. ६० जीएसएमचा पातळ मॅपलिथो कागद तर हे मशीन धरतच नाही नीट.

हे वरचं बहुतेक सगळं मी मे महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि दोन स्टार देऊन मोकळा होणार होतो. आता दिवाळी झाली. थोडं बदलावं लागतंय.

घडीचा प्रश्न सुटला, आणि सुटला तो खालच्या मजल्यावर. मामांनी ट्रेडलच्या चेसमध्ये (लोखंडी चौकटीत) क्रीझिंगची, म्हणजे घडीच्या जागी दाब पाडायची, पट्टी बसवली, समोरच्या पाटीवर पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या चिकटवून मधे बारीक नाली केली, आणि एकेक कार्ड हाताने घालून आधी दाब घेतला, मग घडी. फरक बघून मी गप्पच झालो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दाबामुळे कार्डावर एका बाजूला जो उंचवटा येतो, तो घडीच्या आत गेला पाहिजे. बहुतेक लोक उलटं घालतात, दिसायला ते बरोबर वाटतं म्हणून. दुसरं, कागदाची ग्रेन (तंतूंची दिशा) घडीला समांतर हवी. कागदवाला कापून देताना हे सांगत नाही, विचारलं तर त्यालाही ठाऊक नसतं. कार्ड दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून बघा. ज्या दिशेने मऊ वाकतं, घडी तिकडे. आमचं कटिंगचं गणित त्यामुळे बदललं, शीटला एक कार्ड कमी बसतं, तरी चालतं. फारच गडद सॉलिड असेल तर वर मॅट लॅमिनेशन. त्याचे पैसे गिऱ्हाइकाला आधी सांगून टाकतो.

म्हणजे ज्या मशीनसाठी कर्ज काढलं, त्याची पत्रिका विकण्याजोगी करायला वडिलांचं ट्रेडल लागतं. अक्षरं छापायला ते आता वापरतच नाही आम्ही, खिळ्यांचे खण कधीच भंगारात गेले. क्रीझिंग, परफोरेशन, बिलबुकाचं नंबरिंग, आकार कापणं, एवढ्यावर ते रोज चालतं. भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला होता. परत आला नाही हे बरं.

आणि डिजिटलने खरोखर दिलेलं काम. २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, तेव्हा पन्नास कलर पत्रिका छापून द्या म्हणत लोक यायचे. चार प्लेटा, रंग आणि रजिस्टर (चारही रंग एकमेकांवर बरोबर जुळणं) बसेपर्यंत शंभरेक शीट रद्दी, त्यात पन्नास पत्रिका कुठल्या परवडणार? हात जोडून परत पाठवत होतो. माणसं लग्नाला परत आली, पत्रिकांचे आकडे काही परत आले नाहीत. गावभर व्हॉट्सअ‍ॅप, आणि छापील फक्त देवाला, मामाकडे, व्याह्यांना आणि जवळच्यांना. साठ, ऐंशी, सव्वाशे. ही कामं आता रोज येतात आणि संध्याकाळी दिली जातात. त्यात धाकट्या आत्याचं नाव निमंत्रकांत राहिलं म्हणून वीस पत्रिका पुन्हा छापायच्या, हे ऑफसेटला सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. इथे पुतण्या नाव घालतो आणि बटण दाबतो. मला हे अजून पचत नाही, पण पैसे मिळतात.

प्रत्येक पत्रिकेवर पाहुण्यांचं नाव छापून देण्याची सोय आम्ही मोठ्या हौसेने सुरू केली. एका गिऱ्हाइकाने एक्सेलची यादी दिली आणि सरसकट सगळ्यांपुढे “श्री. व सौ.” टाकून आणलं. मागच्या वर्षी ज्यांची बायको गेली त्या काकांच्या पत्रिकेवरही तेच. नशिबाने मामांनी क्रीझ करताना वाचलं. प्रत्येक कार्ड त्यांच्या हातून जातं ना. तेव्हापासून यादी आम्ही मोठ्याने वाचून घेतो, घरातल्या मोठ्या माणसासमोर.

विधानसभेच्या वेळी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, दोन्हींची वाटणी आपोआप लागली. उमेदवाराला नमुना डिजिटलवर अर्ध्या तासात; फोटो बदल, चिन्ह मोठं कर, हे सगळं तिथेच. मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि पत्ता पत्रकावर कायद्यानेच लागतो, तोही नमुन्यातच तपासून घेतला. मंजूर झालं की हजारांतली छपाई कोल्हापूरला ऑफसेटवर. तेवढी इथे छापली असती तर क्लिकमध्येच कंबरडं मोडलं असतं. आमचा साधा नियम आता असा: कलर असेल आणि तीनशेच्या आत असेल तर वर, पुढे गेलं की कोल्हापूर. एकरंगी बिलबुक, पावती पुस्तक, पातळ कागदाची पत्रकं मिनी ऑफसेटवर. पण बिलबुकाची कामंच कमी झालीत, सगळे कॉम्प्युटरवर बिलं काढतात. तिघांमधलं एक जायचंच असेल तर ते मिनी ऑफसेट जाईल, ट्रेडल नाही. वडील असते तर त्यांनी हे ऐकून घेतलं नसतं, कारण ते ऑफसेट घ्यायला त्यांनी शेतीचा तुकडा विकला होता.

उन्हाळ्यात ऐन लग्नसराईत फ्यूजर गेला. इंजिनियर तिसऱ्या दिवशी आला आणि पार्ट करारात बसत नाही म्हणाला. करारात बसत होता. कागद काढून दाखवला, तेव्हा बसला. त्यामुळे घेणाऱ्यांनी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: १३ बाय १९च्या शीटला किती क्लिक, फ्यूजर आणि बेल्ट करारात आहेत की नाहीत, आणि इंजिनियर किती तासांत येणार. तोंडी नको. आणि डेमोला जाल तेव्हा स्वतःचं ३०० जीएसएमचं कार्ड घेऊन जा, गडद सॉलिड मारायला लावा आणि त्यांच्या समोर घडी घाला.

साडेतीन स्टार. अर्धा मामांचा आहे.